साध्या वाचनयंत्राचे गुणदोष

नव्या वस्तूसंबंधीं मत देण्याच्या आमच्याकडे दोन सोप्या रीती आहेत. एक, ती नवी आहे म्हणून डोक्यावर घेणें. दुसरी, ती नवी आहे म्हणूनच नाक मुरडणें. दोहोंतहि ती वस्तु नीट पाहण्याचे श्रम वांचतात. ई-बुक वाचण्याचें जें साधें यंत्र हल्लीं सुशिक्षित घरांतून दिसूं लागलें आहे, त्याच्या वांट्याला हीं दोन्ही मतें आलीं आहेत. तरुण मंडळी म्हणतात, कीं आतां कपाटांचें काय काम? आमच्या वयाची मंडळी म्हणतात, कीं ज्याला कागदाचा वास नाहीं तें पुस्तक कसलें? आम्ही स्वतः दुसऱ्या पक्षाचे. परंतु गेलें वर्षभर असें एक यंत्र आमच्या घरांत आहे, आणि त्यामुळें आमच्या पूर्वग्रहाला कांहीं ठिकाणीं धक्का बसला आहे. कांहीं ठिकाणीं तो अधिक सकारण झाला आहे, हेंहि खरें. हा जमाखर्च वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमच्या यंत्राच्या कर्त्याचें नांव आम्ही देत नाहीं; कारण आम्हांला दिसलेले गुणदोष एका दुकानाचे नसून या सगळ्या जातीचे आहेत.

प्रथम एका जुन्या गोष्टीची आठवण करणें उपयोगी पडेल. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं मुंबईंत शिळाछापावर मराठी पंचांग छापून काढलें, त्या काळीं छापण्याच्या शाईंत चरबी असते म्हणून छापील ग्रंथ विटाळाचा मानणारे लोक पुष्कळ होते. त्यांचें समाधान व्हावें म्हणून गणपत कृष्णाजींनीं चरबीऐवजीं तूप घालून शाई तयार करविली, असें सांगतात. पुढें निर्णयसागराच्या सुबक टाइपांतून पोथ्याच छापून निघाल्या, आणि ज्या घरांत छापील कागदाला शिवत नसत, तशाच घरांत त्या पोथ्या देव्हाऱ्याजवळ रुमालांत बांधून ठेवल्या जाऊं लागल्या. ही गोष्ट सांगून नव्या यंत्राचे भक्त आम्हांला गप्प करूं पाहतात. पण तिचा बोध जपून घेतला पाहिजे. नुसत्या संवयीची तक्रार ही वस्तूवरची टीका नव्हे, हें तिच्यावरून दिसतें. नव्या वस्तूवर टीकाच करूं नये, असें मात्र दिसत नाहीं. गणपत कृष्णाजींनीं आक्षेप ऐकून घेतला व शाई बदलली. आक्षेपकांना त्यांनीं मूर्ख ठरविलें नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. याचा पडदा मोबाइलच्या पडद्यासारखा नसतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेंकतो. याचा पडदा कागदाप्रमाणें बाहेरून पडलेला प्रकाश परतवितो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें झालेल्या संशोधनांतून १९९७ सालीं ई इंक नांवाची कंपनी निघाली; तिच्या युक्तीवर हीं यंत्रें चालतात. पडद्यांत केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपींतील द्रवांत काळे व पांढरे कण तरंगत असून त्यांवर परस्परविरुद्ध विद्युद्भार असतो. विजेचा दाब दिला कीं एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशीं जातात, आणि अक्षर उमटतें. एकदां उमटलेलें पान तसेंच राहण्यास वीज लागत नाहीं. ती मुख्यतः पान उलटतांना खर्च होते. रात्रीं वाचण्यासाठीं कडेला बारीक दिवे असतात, परंतु त्यांचा उजेड मागून डोळ्यांवर न येतां पुढून पानावर पसरतो. या युक्तीचें पहिलें विक्रीचें यंत्र सोनी कंपनीनें २००४ सालीं जपानांत काढलें. ॲमेझॉनचें किंडल २००७ च्या नोव्हेंबरांत निघालें, तेव्हां त्याची किंमत ३९९ डॉलर होती.

हल्लींचें साधें यंत्र कसें असतें, हें कळण्यासाठीं किंडलचा २०२२ सालचा प्राथमिक नमुना पाहावा. पडदा ६ इंचांचा, वजन १५८ ग्रॅम, एका इंचांत ३०० ठिपके, सांठा १६ गीगाबाइट. भारतांतील त्याची आरंभींची किंमत ९,९९९ रुपये होती. पाण्यापासून संरक्षण, पिवळसर उबदार प्रकाश, उजेडाप्रमाणें आपोआप कमीजास्त होणारा दिवा, या महाग नमुन्यांतील सोयी यांत नाहींत. वर्षभरांत आम्हांला त्यांची उणीव भासली नाहीं. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड ज्यानें एका घरांतून दुसऱ्या घरांत हलविले आहेत, त्याला १५८ ग्रॅमांत हजारों पुस्तकें मावण्याचें महत्त्व समजावून सांगावयास नको.

परंतु आमच्या मतें याचा मोठा गुण निराळाच आहे. हें यंत्र वाचनाखेरीज दुसरें कांहीं धड करूं शकत नाहीं. त्याच्यावर कोणाचा निरोप येत नाहीं, घंटा वाजत नाहीं, चित्रें हलत नाहींत. मोबाइलवर पुस्तक वाचणारा आमचा विद्यार्थी दर पांच मिनिटांनीं कोठें तरी भटकून येतो; तोच या यंत्रावर तासभर एका जागीं बसलेला आम्हीं पाहिला आहे.

दुसरा गुण आमच्या मातोश्रींनीं आमच्या पदरांत घातला. त्यांचें वय ८२. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी बारीक टाइप दिसेना. तेव्हां चार वर्षांपूर्वीं त्यांनीं वाचन सोडलें, आणि सोडल्याचा उच्चारहि केला नाहीं. घरांत कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, हें लिहितांना आम्हांला लाज वाटते. एके दिवशीं यंत्रावरील अक्षर सर्वांत मोठें करून आम्हीं तें त्यांच्या हातीं दिलें. एका पानावर मोजून तीस-पस्तीस शब्द राहिले. त्या वाचूं लागल्या, आणि दिवे लागेपर्यंत उठल्या नाहींत. एवढें एकच काम या यंत्रानें केलें असतें, तरी त्याची किंमत वसूल झाली असें आम्ही म्हटलें असतें.

आतां दोष. पहिला दोष मराठी वाचकाचा आहे. इंग्रजी वाचकाला तो कळणारहि नाहीं. किंडलच्या दुकानांत २०१६ च्या डिसेंबरांत हिंदी, तमिळ, गुजराती व मल्याळम् यांबरोबर मराठी पुस्तकांची सोय झाली, ही गोष्ट चांगली. पण सोय होणें निराळें आणि भाषेचा आदर होणें निराळें. इंग्रजी वाचतांना शब्दावर बोट ठेवलें कीं कोशांतील अर्थ पुढें येतो. मराठींत आमच्या यंत्रावर तसें होत नाहीं. आणि नुसता कोश भरून तरी भागणार नाहीं, कारण ‘घरांतल्यांनीं’ या रूपावरून ‘घर’ शोधून काढण्याइतकें व्याकरण त्याला शिकवावें लागेल. शिवाय कित्येक मराठी ई-बुकें मुद्रितशोधनावांचूनच विक्रीस आलेलीं दिसतात. यंत्राकडून अक्षरें ओळखवून घेतलीं कीं ‘घर’चें ‘धर’ होतें, ‘भाव’ ‘माव’ होतो. मनुष्याचा डोळा फिरल्याशिवाय हे प्रमाद निघत नाहींत, आणि तेवढाच खर्च प्रकाशकांना जड वाटतो.

दुसरा दोष जुन्या ग्रंथांचा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनीं त्याच्या ग्रंथांवरील स्वामित्वाचा हक्क संपतो. म्हणजे हरिभाऊ आपटे, गडकरी, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचें वाङ्मय आज सर्वांचें झालें आहे, आणि तें कोणीहि कायद्यानें फुकट वाचूं शकतो. पण जुन्या मराठी ग्रंथांचा मोठा भाग इंटरनेटवर मिळतो तो पानांच्या छायाचित्रांच्या रूपांत. यंत्राच्या दृष्टीनें तीं अक्षरें नव्हेत, चित्रें आहेत. त्यामुळें अक्षर मोठें करण्याची जी सोय आमच्या मातोश्रींना लाभली, ती तेथें चालत नाहीं. मोठें पान सहा इंचांत कोंबलें जातें, आणि वाचकाला तें चित्र इकडून तिकडे सरकवीत बसावें लागतें. ज्याला जुनें मराठी वाङ्मय वाचावयाचें आहे, त्यालाच हें यंत्र सर्वांत कमी उपयोगी पडावें, हें दुर्दैव आहे.

तिसरा दोष शिक्षकाचा व काव्यरसिकाचा. अक्षराचा आकार बदलला कीं पान बदलतें. म्हणून वर्गांत ‘सत्याऐंशींवें पान काढा’ असें म्हणण्याची सोय उरत नाहीं. यंत्र म्हणतें, ‘४२ टक्के झालें’. पुस्तक किती उरलें हें कागदी पुस्तकांत डाव्या-उजव्या हाताला कळतें. येथें तें हिशेबासारखें वाचावें लागतें. काव्याची अवस्था याहून वाईट. आर्येचा किंवा पृथ्वी वृत्ताचा लांब चरण मोठ्या अक्षरांत मावत नाहीं, तो भलत्याच ठिकाणीं तुटतो, आणि यति कोठें व ओळ कोठें संपली हें समजेनासें होतें. गद्य या यंत्रांत सुखानें राहतें, पद्याची मात्र ओढाताण होते.

चौथा दोष सर्वांत गंभीर आहे. हें पुस्तक आपलें असतें काय? विकत घेतलें असें आपण म्हणतों, पण करारांत लिहिलेलें असतें तें वाचण्याच्या परवान्याविषयीं. २००९ सालच्या जुलैंत ॲमेझॉननें अमेरिकेंतील ग्राहकांच्या यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती दुरूनच काढून घेतल्या. त्या विकणाऱ्याला तसा हक्क नव्हता, हें कारण. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनीं पुढें जाहीर क्षमाहि मागितली. पण जुने लेख गुपचुप नष्ट करणाऱ्या राज्याची कथा ज्या पुस्तकांत आहे, तेंच लोकांच्या घरांतून नाहींसें व्हावें, याहून स्पष्ट इशारा कोणता? २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-बुकांचें दुकान बंद केलें, तेव्हां वाचकांचे पैसे परत आले व पुस्तकें गेलीं. २०२५ च्या फेब्रुवारींत ॲमेझॉननें विकत घेतलेलीं पुस्तकें संगणकावर उतरवून तारेनें यंत्रांत भरण्याची सोय बंद केली. प्रत्येक वेळीं कांहीं ना कांहीं कारण दिलें गेलें असेल. पण आमच्या कपाटांतील पुस्तक परत नेण्यास अद्याप कोणी पुस्तकविक्रेता आमच्या दारांत आलेला नाहीं.

न्यायासाठीं येथें एक भेद सांगितला पाहिजे. जीं पुस्तकें स्वामित्वमुक्त आहेत, किंवा जीं प्रकाशक कुलुपाशिवाय देतो, तीं आपण स्वतः यंत्रांत भरलीं व त्यांची प्रत अन्यत्र जपून ठेवली, तर तीं आपलींच राहतात. हा दोष ई-बुकाचा म्हणण्यापेक्षां तें विकण्याच्या रीतीचा आहे.

तरीहि एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या मातोश्रींनींच विचारला. हरिभाऊंची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांच्या मामांनीं त्यांना लग्नाआधीं दिली होती. पहिल्या पानावर नांव व तारीख आहे, कडेला मुलीच्या अक्षरांत खुणा आहेत. तीच कादंबरी यंत्रावर पुरी झाल्यावर त्या म्हणाल्या, “वाचून झालें खरें. पण याच्यावर नांव कुठें घालायचें रे? माझ्यामागें हें कोणाचें?” आम्हीं सांगितलें, कीं ही कादंबरी सर्वांची आहे, नातीच्या यंत्रांतहि घालून देतां येईल, मात्र तुमच्यासाठीं विकत घेतलेल्या दुसऱ्या दोन कादंबऱ्या आमच्या नांवच्या खात्यांत आहेत, आणि त्या देतां येतील असें वाटत नाहीं. त्यांनीं थोडा विचार केला व जुनी प्रत कपाटांतून काढून नातीकडे दिली. यंत्र स्वतःच्या उशाशीं ठेवलें.

आमचा निर्णय त्यांच्या या कृतीहून फारसा निराळा नाहीं. ज्यांची दृष्टि मंदावली आहे, ज्यांना प्रवास फार पडतो, ज्यांच्या लहान घरांत कपाटाला जागा नाहीं, आणि ज्यांचें वाचन मुख्यतः कथा-कादंबऱ्यांचें किंवा इंग्रजीचें आहे, त्यांनीं हें साधें यंत्र अवश्य घ्यावें. महाग नमुन्याच्या मागें लागूं नये. काव्य, क्रमिक पुस्तकें, कडेला टिपणें करून वाचावयाचे ग्रंथ आणि जें कोणाला तरी ठेवून जावयाचें आहे तें कागदावरच घ्यावें. मराठी प्रकाशकांना मात्र आमची विनंती आहे. त्यांनीं ई-बुकाच्या प्रतीवर मुद्रितशोधकाचा डोळा फिरवावा, कुलपाशिवाय पुस्तक द्यावें, आणि स्वामित्वमुक्त जुने ग्रंथ छायाचित्रांतून सोडवून अक्षरांत आणावे. तुपाची शाई करावयाची पाळी आतां त्यांची आहे. ती त्यांनीं केली, तर घरोघरच्या कोपऱ्यांत न सांगतां वाचन सोडून बसलेले किती तरी वृद्ध पुन्हां पुस्तक हातीं घेतील.