किनाऱ्यावरचे गाव आणि मराठी लेखणी

वेश्याजीवनाचे चित्रण करणाऱ्या साहित्यकृतीची चर्चा मराठीत निघाली म्हणजे टीकाकार बहुधा एकच प्रश्न विचारतो : लेखकाने त्या स्त्रीकडे सहानुभूतीने पाहिले आहे काय? सहानुभूती आढळली की कृती थोर ठरते. न आढळली की सवंग. हा प्रश्न गैर नाही, पण तो अपुरा आहे. आणि अपुरा असूनही पुरेसा वाटतो, हे त्याचे खरे वैगुण्य होय. त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न विचारावयास हवा. त्या स्त्रीभोवतीचे गाव लेखकाला दिसले आहे काय? कारण बाजार हा एकट्या विकणारीचा कधीच नसतो. खोलीचे भाडे घेणारा, व्याजाने पैसे देणारा, गिऱ्हाईक आणून सोडणारा, हप्ता नेणारा, आणि ह्या सगळ्यांच्या पैशावर ज्यांची दुकाने चालतात तो सभ्य नागरिक, असा सारा गाव त्या बाजारात उभा असतो. ह्या गावाला वगळून केवळ तिच्या दुःखाचे जे चित्र रेखाटले जाते ते करुण असेल, पण ते अर्धे असते.

हा दुसरा प्रश्न किती फलदायी ठरतो ह्याचे उदाहरण साहित्याबाहेरून देतो. डेनिस ब्रेनन ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सोसुआ ह्या किनारी गावाचा अभ्यास करून २००४ साली ‘व्हॉट्स लव्ह गॉट टु डू विथ इट?’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४० च्या सुमारास युरोपातून जीव वाचवून आलेल्या ज्यू निर्वासितांनी ह्या गावी वस्ती केली आणि दूधदुभत्याचा धंदा उभारला. पुढे पर्यटन आले, युरोपीय प्रवासी आले, आणि त्यांच्या पाठोपाठ देशाच्या इतर भागांतून लेकुरवाळ्या, एकट्या संसार ओढणाऱ्या बायका आल्या. परदेशी पुरुषाशी लग्न होईल, व्हिसा मिळेल, मुलांचे कल्याण होईल, ह्या आशेने त्या प्रेमाचा व्यवहार मांडतात. फार थोड्यांच्या पदरात काही पडते. ब्रेननबाईंनी ह्या स्त्रियांना देवीही केले नाही आणि दीनही केले नाही. त्यांचे हिशेब, त्यांच्या युक्त्या आणि त्यांच्या चुका त्यांनी मांडल्या, आणि त्याच बरोबर गावाचे रूप कसे पालटत गेले तेही मांडले. ग्रंथ मिटला म्हणजे लक्षात राहते ते गाव.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ब्रेननबाईंचा ग्रंथ ज्या वर्षी निघाला त्याच २००४ च्या जून महिन्यात, ऐन पावसाळ्यात, गोव्यातील वास्को शहराच्या बायणा किनाऱ्यावरील वस्तीवर सरकारने बुलडोझर फिरविला. मुरगावचे बंदर, रेल्वे, लोहखनिजाची वाहतूक आणि खलाशांची ये-जा ह्यांच्या आधाराने ही वस्ती वाढली होती. तेथील पुष्कळ स्त्रिया कर्नाटक आणि आंध्रातून आलेल्या. त्यांतल्या कित्येक देवदासी-प्रथेच्या वाटेने आलेल्या. उच्च न्यायालयाच्या २००३ सालच्या आदेशाचा आधार घेऊन घरे पाडली गेली. ज्यांचा ह्या धंद्याशी संबंध नव्हता अशा कष्टकऱ्यांचीही घरे त्यांत गेली. किनारा ‘स्वच्छ’ झाला. धंदा मात्र संपला नाही. तो विखुरला, लॉजमध्ये आणि मालिश-केंद्रांत शिरला, दिसेनासा झाला. हा प्रसंग कादंबरीच्या ताकदीचा आहे. बंदराने ज्या वस्तीला पोसले तिला पर्यटनाच्या काळात किनाऱ्यावर जागा उरली नाही, ह्या एका वाक्यात एका शहराचा अर्धशतकाचा इतिहास सामावतो. तरी ज्या मराठी कृतींची आपल्याकडे चर्चा होते त्यांत बायणा नाही. तो का नाही, ह्याचे उत्तर आपल्या परंपरेतच शोधावे लागेल.

गोव्याचे आणि कोकणाचे भाविणींचे जग मराठी वाचकाच्या मनात ठसविले ते जयवंत दळवी ह्यांच्या ‘महानंदा’ ह्या कादंबरीने. १९७० च्या सुमारास आलेल्या ह्या कादंबरीवर पुढे चित्रपटही निघाला. भाविणीच्या पोटी जन्मलेली मुलगी आणि बाहेरून आलेला सुशिक्षित तरुण ह्यांच्या प्रेमाची ही कथा. दळवींची लेखणी ह्या परिसराला मुरलेली. देऊळ, तळी, माड, पावसाची झड ह्यांचे वातावरण त्यांनी असे उभे केले आहे की वाचक त्यात हरवून जातो. पण नेमके हेच हरवणे मला खटकते. प्रथा येथे नियतीसारखी उभी राहते. देवळाच्या जमिनी कोणाच्या, उत्पन्न कोणाचे, भाविणीच्या घराचा खर्च कोण चालवितो आणि त्या बदल्यात काय घेतो, हे प्रश्न समईच्या मंद उजेडात बुडून जातात. वाचक डोळे पुसतो आणि त्याला वाटते, आपण काही केले.

ह्याच काळात, १९६९ साली, राजाराम रंगाजी पैंगीणकर ह्यांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पैंगीणकर हे ह्या समाजातच जन्मलेले आणि त्याच्या सुधारणेच्या चळवळीतील अग्रणी. ‘महानंदा’चे नाव घराघरांत गेले, ‘मी कोण?’ मात्र अभ्यासकांच्या कपाटात राहिले. वास्तविक पुस्तकाचे शीर्षकच किती धारदार आहे! वेदान्त्याने विचारलेला प्रश्न येथे ज्याला बापाचे नाव लावता येत नाही असा मनुष्य गावाला विचारतो आहे, आणि त्यामुळे उत्तर देण्याची पाळी गावावर येते. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कलावंत, भाविणी, देवळी ह्यांच्या परंपरा आणि बाजारातील वेश्याव्यवसाय ह्या एक गोष्टी नव्हेत. त्यांची सरमिसळ करणाऱ्यांनी ह्या समाजावर मोठा अन्याय केला आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्यासारख्या गायिका ज्या समाजाने दिल्या त्याने स्वतःचा मार्ग स्वतः काढला. १९३० साली पोर्तुगीज सरकारने देवदासी-प्रथेविरुद्ध कायदा केला खरा, पण त्याच्याआधीच, १९२९ पासून, ‘समाज सुधारक’ हे ह्या समाजाचे मराठी मासिक निघू लागले होते. अंजली अरोंदेकर ह्यांनी २०२३ सालच्या ‘अबंडन्स’ ह्या इंग्रजी ग्रंथात ह्याच दप्तराकडे लक्ष वेधले आहे. हा समाज मुका होता, त्याचा इतिहास हरवला, अशी आपली समजूत. पण कागदांचे ढीग साक्षीला आहेत. दोष असलाच तर न वाचणाऱ्याचा आहे.

बायण्याच्या वस्तीचा दुसरा धागा सीमाभागात पोचतो. राजन गवस ह्यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ ह्या कादंबऱ्यांनी सौंदत्तीच्या यल्लम्मेला सोडलेल्या माणसांचे जग मराठीत आणले. ह्या कादंबऱ्यांचे बळ असे की त्यांत गाव पार्श्वभूमी म्हणून येत नाही. तो कर्ता म्हणून येतो. केसांत जट सापडणे ही घटना घरातली, पण तिचा अर्थ गाव ठरवितो. दारिद्र्य, श्रद्धा, भय आणि गावातील धनदांडग्यांची वासना ह्यांची वीण गवसांनी उसवून दाखविली आहे. ज्या गावांतून मुली निघतात ती गावे ह्या लेखकाने दाखविली. ज्या शहरांत त्या पोचतात ती शहरे दाखविणारा लेखक त्याच्या आधीच होऊन गेला होता.

तो म्हणजे नामदेव ढसाळ. १९७२ साली ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला तेव्हा विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि त्या कवितांतील कित्येक शब्दांचे अर्थ त्यांनाही कवीकडून समजावून घ्यावे लागले. ही हकीकत अनेकदा गमतीने सांगितली जाते. मला ती मराठी साहित्याच्या इतिहासातील गंभीर नोंद वाटते. मुंबईत मोठ्या झालेल्या एका थोर मराठी नाटककाराला मुंबईतल्याच काही गल्ल्यांची मराठी परकी होती! ‘पतिता’, ‘अभागिनी’, ‘वारांगना’ हे आपले साहित्यिक शब्द. ते तिला नाव देत नाहीत, आपल्या दृष्टीआड करतात. ढसाळांनी ते फेकून दिले. त्यांच्या एका कवितेतील तरुण वेश्येला नाव आहे आणि आडनावही आहे : मंदाकिनी पाटील. हे आडनाव उच्चारले की कामाठीपुऱ्याच्या खोलीत मराठी मुलखातला एक वाडा येऊन उभा राहतो. गाव आणि बाजार ह्यांच्यामधली सोयीची भिंत एका आडनावाने पडते. ढसाळांच्या काही कवितांत आक्रोशाचा अतिरेक आहे, स्त्रीदेहाच्या प्रतिमांचा मारा कधीकधी त्या स्त्रीलाच झाकून टाकतो, हे मान्य करूनही त्यांचे हे ऋण नाकारता येणार नाही.

आणि आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला ज्या कृतीपासून निसटता येत नाही ती तेंडुलकरांची ‘कमला’. इंडियन एक्स्प्रेसचे वार्ताहर अश्विनी सरीन ह्यांनी १९८१ साली एका स्त्रीला विकत घेऊन स्त्रियांच्या खरेदी-विक्रीचा बाजार उघडकीस आणला; त्यावरून हे नाटक सुचले. नाटक घडते ते दिल्लीत, मराठी घरात. पत्रकार जयसिंग जाधव बिहारमधील बाजारातून अडीचशे रुपयांना कमला विकत आणतो आणि पत्रकार-परिषदेत तिला उभी करतो. तिला तिच्या फाटक्या लुगड्यातच नेले पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. अत्याचार उघड करण्यासाठी त्याच अत्याचाराचे दुसऱ्यांदा प्रदर्शन मांडावे लागते, आणि प्रश्न विचारणारे पत्रकार हसतात. पुढे कमला जयसिंगच्या पत्नीला, सरितेला, अगदी सहजपणे विचारते की तुला केवढ्याला घेतले. ह्या प्रश्नाची प्रशंसा स्त्रीमुक्तीच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. तथापि त्याचे आणखी एक मोल आहे. कमला येथे दयेचा विषय राहत नाही. ती बाजार जाणणारी बाई म्हणून बोलते आणि भाव विचारते. सभ्य घर हेही त्याच पेठेतले एक दुकान आहे, असे तिच्या नजरेला दिसते. मात्र नाटकाची मर्यादाही येथेच आहे. सरितेला जाग येताच कमलेचे काम संपते. ती आश्रमात जाते आणि रंगभूमीवरून नाहीशी होते. मध्यमवर्गीय नायिकेच्या आत्मभानासाठी तिचा उपयोग झाला. जयसिंगने जे केले त्याच्या जवळ जाणारे काहीतरी येथे नाटककाराच्या हातूनही घडले आहे.

‘कमला’ जुनी झाली असे ज्यांना वाटते त्यांनी नोएडाकडे पाहावे. १९७६ साली कारखान्यांसाठी वसविलेल्या ह्या नगराच्या सेक्टर १६-अ मध्ये फिल्म सिटी आहे आणि तेथे आज हिंदी वृत्तवाहिन्यांची मोठमोठी कार्यालये आहेत. तेथून थोड्याच अंतरावरील सेक्टर १८ च्या बाजारात २०१९ साली पोलिसांनी अनेक ‘स्पा’ केंद्रांवर एकाच वेळी छापे घातले. अशा छाप्यांच्या बातम्यांतील दृश्य ठरलेले असते : ओढणीने तोंड झाकलेल्या मुलींची रांग. दुकानाचा मालक, भाडेकरार करणारा आणि गिऱ्हाईक हे त्या दृश्यात क्वचितच दिसतात. २००७ च्या ऑगस्टमध्ये तर दिल्लीच्या एका शिक्षिकेवर विद्यार्थिनींना ह्या धंद्यात लोटल्याचा आरोप करणारे छुप्या कॅमेऱ्याचे चित्रण दाखविले गेले, जमावाने तिला मारहाण केली, आणि मागाहून ते चित्रण बनावट ठरले. जयसिंगने निदान खरी कमला आणली होती. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांत छाप्यांच्या वेळी ह्या स्त्रियांची ओळख माध्यमांनी उघड करू नये असे बजावले. जे नाटककाराने चाळीस वर्षांपूर्वी दाखविले होते ते न्यायालयाला आदेशाने सांगावे लागले.

यमुनेपलीकडे जुन्या दिल्लीत जी. बी. रोड आहे, त्याचे आताचे नाव स्वामी श्रद्धानंद मार्ग. तेथे तळमजल्यावर यंत्रे, हत्यारे आणि नळसामानाची घाऊक दुकाने, आणि वरच्या मजल्यांवर कोठे. एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या वर-खाली, नगराचे दोन व्यवहार चालतात. दिल्लीत इतक्या पिढ्या नांदलेल्या मराठी माणसाने तेथून सामान घेतले असेल. जिन्याकडे पाहून लिहिले मात्र फारसे नाही.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. साहित्य म्हणजे समाजशास्त्र नव्हे. भाड्याचे दर आणि जमिनीचे भाव कादंबरीत घालून ती श्रेष्ठ होत नाही. आक्षेप खरा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. आकडे घालण्याची मागणी कोणी करीत नाही. मागणी आहे ती दृष्टीची. मंदाकिनी पाटीलचे आडनाव हा आकडा नव्हे, कमलेचा प्रश्न हा आकडा नव्हे. तरी दोहोंत अवघा बाजार आहे. ज्या क्षणी मराठी लेखकाने गाव पाहिले त्या क्षणी त्याची कलाही उंचावली, आणि जेथे त्याने गावाकडे पाठ केली तेथे ती करुणेच्या गोडव्यात घसरली, एवढेच ह्या तुलनेतून मला दाखवावयाचे आहे. शिवाय आता ह्या स्त्रिया आपल्या लेखणीची वाट पाहत बसलेल्या नाहीत. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतील स्त्रिया सुषमा देशपांडे ह्यांच्या दिग्दर्शनाखाली स्वतःचे नाटक घेऊन रंगभूमीवर आल्या. आपल्यावर लिहिलेले त्या वाचतील, तपासतील आणि उत्तर देतील, हे गृहीत धरूनच ह्यापुढे लिहावे लागेल.

बायण्याची कादंबरी अजून लिहावयाची आहे. ती लिहिणाऱ्याने नायिकेच्या अश्रूंपासून आरंभ करू नये. बंदरावर पहिली बोट लागते तेथून करावा, पहिली खोली कोणी भाड्याने दिली ते सांगावे, आणि बुलडोझर निघून गेल्यावर त्या वाळूवर पहिली खुर्ची कोणी टाकली तेथवर यावे. नोएडाच्या कादंबरीलाही हेच लागू आहे. येथे समुद्र नाही. पण काचेची दारे आहेत, भाडेकरार आहेत, आणि सायंकाळी वृत्तवाहिनीसमोर बसून ती झाकलेली तोंडे पाहणारे आपण आहोत. त्या कादंबरीत आपल्यालाही एक पात्र व्हावे लागेल.