मिठाच्या पाण्याने पोलिओ होतो का?

अमेरिकेत १९५४ साली झालेल्या साल्क लसीच्या चाचणीची हकीगत बहुधा तीन वाक्यांत आटोपली जाते. डॉ. जोनास साल्क यांनी मृत विषाणूंपासून पोलिओची लस तयार केली; सुमारे १८ लाख शाळकरी मुले चाचणीत होती; १२ एप्रिल १९५५ रोजी लस गुणकारी असल्याचे जाहीर झाले. यातले एकही विधान खोटे नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. १८ लाख हा आकडाच जणू पुरावा आहे, अशा थाटात तो पुढे केला जातो. प्रत्यक्षात यांपैकी निम्म्याहून अधिक मुले ज्या योजनेत होती, ती योजनाच सदोष होती. निर्णायक पुरावा मिळाला तो उरलेल्या भागातून.

मुळात तुलनेची गरज का पडावी? सर्वांना लस देऊन रोग कमी होतो का, एवढे पाहिले तर चालणार नाही का? नाही. अमेरिकेत १९५२ साली पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण नोंदले गेले, तर १९५३ साली सुमारे ३५ हजार. या घटीमागे कोणतीही लस नव्हती; साथीचे रोग असे चढउतार दाखवतातच. १९५३ साली सर्व मुलांच्या दंडाला गंडा बांधला असता, तर घटीचे श्रेय गंड्याला मिळाले असते! म्हणून त्याच वर्षी, त्याच भागात लस न घेतलेला एक तुलनागट हवा.

चाचणीला पैसा पुरवणाऱ्या बालपक्षाघातविषयक राष्ट्रीय प्रतिष्ठानाने एक सोपी योजना मांडली. दुसरीतल्या ज्या मुलांचे पालक संमती देतील त्यांना लस टोचायची आणि पहिली व तिसरीतल्या सर्व मुलांवर नुसते लक्ष ठेवायचे. योजना वरवर निर्दोष दिसते. पण लस घेणारी मुले संमती मिळालेलीच आहेत आणि तुलनागटात मात्र सर्व प्रकारच्या घरांतली मुले मिसळलेली आहेत. संमतीने असा काय फरक पडतो?

बराच पडतो. सुस्थितीतले, शिकलेले पालक अधिक प्रमाणात संमती देत. आणि पोलिओची गंमत अशी की, तो स्वच्छ घरांतल्या मुलांना अधिक गाठत असे. अस्वच्छ वस्तीत विषाणूची गाठ अगदी तान्हेपणी पडते. तेव्हा आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असतात. सौम्य संसर्ग होतो आणि बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होते. स्वच्छ घरातल्या मुलाला विषाणू भेटतो तो उशिरा, आईचे हे संरक्षण संपल्यावर.

काही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी पहिल्या योजनेला हरकत घेतली. त्या भागांत पहिली ते तिसरीतल्या संमती मिळालेल्या सर्व मुलांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एका गटाला लस, दुसऱ्याला मिठाचे पाणी. कोणाला काय टोचले हे मुलाला, पालकांना वा तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. पोलिओचे सौम्य रूप ओळखणे अवघड असते आणि मुलाने लस घेतली आहे हे माहीत असले तर निदान नकळत एका बाजूला झुकते. म्हणून ही गुप्तता. या भागांत दर लाख मुलांमागे पोलिओचे रुग्ण असे आढळले :

लस टोचलेली (सुमारे २ लाख मुले) : २८
मिठाचे पाणी टोचलेली (सुमारे २ लाख मुले) : ७१
संमती न मिळालेली (सुमारे ३ लाख ४० हजार मुले) : ४६

आता दुसरी आणि तिसरी ओळ शेजारी ठेवून पाहा. दोन्हींतल्या मुलांना लस मिळालेली नाही, तरी मिठाचे पाणी घेतलेल्यांत पोलिओ दीडपट! मिठाच्या पाण्याने पोलिओ होतो असे कोणी म्हणणार नाही. हा फरक संमतीमागे दडलेल्या घरच्या परिस्थितीचा आहे. साल्क यांची लस अगदी निरुपयोगी असती आणि तुलना संमती न मिळालेल्या मुलांशी केली असती, तर लसीमुळे पोलिओ वाढतो असा निष्कर्ष निघाला असता. प्रत्यक्ष आकडे घेतले तरी पहिल्या व तिसऱ्या ओळीवरून घट ३९ टक्के दिसते. पहिल्या व दुसऱ्या ओळीवरून, म्हणजे न्याय्य तुलनेने, ती ६१ टक्के आहे.

हा फरक निव्वळ योगायोगाचा तर नसेल? रुग्ण होते सुमारे ५७ आणि १४२, एकूण १९९. लस निरुपयोगी असती तर प्रत्येक रुग्ण या किंवा त्या गटात सापडणे हे नाणेफेकीसारखे झाले असते. १९९ वेळा नाणे उडवल्यास सरासरी ९९.५ छापे पडतात आणि प्रमाण विचलन सुमारे ७ असते. ५७ हा आकडा सरासरीपासून सहा विचलने दूर आहे. तो योगायोग मानता येत नाही.

कोणी म्हणेल, पहिल्या योजनेतही लसवाल्यांत लाखी २५ आणि तुलनागटात ५४ असे आकडे आले. उत्तर तेच ना? उत्तर जुळले, कारण लस जोरकस होती. योजनेचा दोष तिने पचवला. कमी गुणाची पण उपयुक्त लस त्याच योजनेत नापास झाली असती.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे, आणि तो हलका नाही. मुलांना फसवे इंजेक्शन द्यावे का? स्वतः साल्कही या कल्पनेच्या विरोधात होते. पण पहिल्या योजनेत लस न देता नुसती पाहत ठेवलेली मुले सव्वासात लाख होती आणि लस मिळालेली सव्वादोन लाख. लसीपासून वंचित मुले तिथे कमी नव्हती, उलट अधिक होती. फक्त सुई टोचलेली नसल्यामुळे ती डोळ्यांत भरत नव्हती.

ही चर्चा जुनी झालेली नाही. २०२० साली करोनाच्या साथीत ‘अमुक औषध दिले, रुग्ण बरे झाले’ एवढ्या आधारावर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गाजावाजा झाला. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने रुग्णालयातल्या रुग्णांचे गट यादृच्छिक पद्धतीने पाडले, तेव्हा त्याचा फायदा दिसला नाही. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. वर्गातल्या सर्व मुलांची उंची मोजून ठेवावी. मग कबड्डी खेळू इच्छिणाऱ्यांना हात वर करायला सांगून दोन गट करावेत आणि गटांची सरासरी उंची काढावी. नंतर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत आणि पुन्हा सरासरी काढावी. चिठ्ठ्यांचा डाव पाच-सहा वेळा करावा. कोणत्या पद्धतीत फरक एकाच बाजूला झुकतो आणि कोणत्या पद्धतीत तो कधी इकडे, कधी तिकडे जातो, हे मुलांनाच शोधू द्यावे. साल्क चाचणीचे तीन आकडे त्यानंतर फळ्यावर लिहावेत.