बिदागी आणि स्वामित्व

कलावंताला द्यावयाच्या द्रव्यासाठीं आपल्या भाषेंत जे शब्द आहेत ते एकदा नीट तपासून पाहण्यासारखे आहेत. ‘बिदागी’ म्हणजे बिदा करतांना, निरोपाच्या वेळीं, हातावर ठेवावयाची रक्कम; ती दिली कीं देणारा आणि घेणारा यांचा संबंध संपला. ‘मानधन’ या शब्दांत मान आधीं येतो आणि धन मागाहून. पुष्कळ ठिकाणीं मान देऊन झाल्यावर धनाची आठवण राहत नाहीं. ‘पगार’ महिना भरल्यावर मिळतो, आणि ‘मजुरी’ म्हटलें तर कलावंतच रागावतो. या सर्व शब्दांच्या मुळाशीं काम झालें, पैसे दिले, हिशेब मिटला, हीच एक कल्पना आहे. केलेलें काम पुढें जगत राहतें व तें जगत असेपर्यंत कर्त्याचा त्यावर कांहीं हक्क उरतो, हें सांगणारा शब्द आपल्या व्यवहारांत नव्हता. म्हणून ‘रॉयल्टी’ हा परका शब्द घ्यावा लागला. ‘स्वामित्वधन’ हा त्याचा प्रतिशब्द अजून कागदावरून बोलण्यांत उतरलेला नाहीं.

मैफलीच्या गवयाला बिदागी शोभते. त्यानें रात्रीं दरबारी गाइली, श्रोते तृप्त झाले, पहांटे तो आपल्या गांवीं गेला. जें उरलें तें ऐकणाऱ्यांच्या स्मरणांत उरलें, आणि स्मरणावर कोणी कर बसवीत नाहीं. परंतु जें संगीत मागणीवरून तयार करवून घेतलें जातें, मग त्या नाटकांतील पदांच्या चाली असोत, चित्रपटाचीं गीतें व पार्श्वसंगीत असो, मालिकेचें शीर्षकगीत असो कीं जाहिरातीचे वीस सेकंद असोत, त्याचा जन्मच मुळीं पुनःपुन्हां वाजविलें जाण्यासाठीं असतो. तें कर्त्याच्या हातून सुटतें त्या दिवशीं त्याचें आयुष्य सुरू होतें. अशा संगीतालाही आपण बिदागीचेंच माप लावीत आलों. या क्षेत्रांतील बहुतेक गाऱ्हाण्यांचें मूळ येथें आहे, असें आमचें मत आहे.

यावर पहिला आक्षेप सुशिक्षितांकडूनच येतो. मागणीवरून केलेलें संगीत म्हणजे शिंप्याचें काम. मापें घेतलीं, कापड बेतलें, अंगरखा शिवून दिला. तो किती दिवस वापरला याची चौकशी करीत शिंपी फिरत नाहीं! उपमा चटकदार आहे, पण पोकळ आहे. अंगरखा वापरानें झिजतो, चाल वापरानें वाढते. १९११ सालीं ‘मानापमाना’च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिल्या, आणि १९१६ सालीं ‘स्वयंवरा’च्या पदांना भास्करबुवा बखले यांनीं. दोन्ही कामें नाटक मंडळ्यांच्या गरजेंतून व नटांच्या गळ्यांकडे पाहून झालेलीं. भास्करबुवा १९२२ सालीं वारले. म्हणजे ‘स्वयंवरा’च्या चाली त्यांच्या हयातींत सहा वर्षें गाजल्या आणि त्यांच्या मागें शंभर वर्षांहून अधिक काळ गाइल्या जात आहेत. १९५५-५६ सालांत पुणें आकाशवाणीसाठीं ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांनीं आठवड्यास एक याप्रमाणें गीतरामायणाचीं ५६ गीतें सिद्ध केलीं, तींही मागणीवरून आणि मुदतीच्या धाकांतच. फर्माइशीनें होतें तें हीन, हा ग्रह बाळगणाऱ्यांनीं या तीन कामांकडे पाहावें व मग शिंप्याची उपमा द्यावी.

युरोपांतील संगीतकारांना हा प्रश्न आपल्या आधीं पडला. हायडन यानें १७६१ सालीं एस्टरहाझी घराण्याच्या चाकरींत शिरतांना जो करार केला, त्यांत त्यानें रचलेलें संगीत धन्याच्या एकट्याच्या उपयोगाचें राहील, त्याची नक्कल दुसऱ्यास मिळणार नाहीं आणि परवानगीशिवाय तो अन्य कोणासाठीं रचना करणार नाहीं, अशीं कलमें होतीं. १७७९ सालीं करार नवा झाला आणि हीं बंधनें गळालीं. पुढें थोड्याच वर्षांत त्याला पॅरिसहून सिंफनींची मागणी आली. चाकरी सुटली नव्हती. कृतींवरची मालकी तेवढी सैल झाली होती. फ्रान्समधील गोष्ट तर कोणालाही आवडावी अशी आहे. १८४७ सालीं एर्नेस्त बूर्जे हा गीतकार पॅरिसच्या एका कॅफेंत बसला असतां तेथें त्याचेंच गाणें वाजूं लागलें. त्यानें आपल्या पेयाचे पैसे देण्याचें नाकारलें: तुम्हीं माझ्या मालाचे पैसे देत नाहीं, मग मीं तुमच्या मालाचे कां द्यावे? प्रकरण न्यायालयांत गेलें, बूर्जेची सरशी झाली, आणि १८५१ सालीं तेथें रचनाकारांची ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली.

आपल्याकडे असें कोणी पेयाचे पैसे नाकारले नाहींत. नाटक मंडळ्यांनंतर चित्रपटसंस्था आल्या. ‘प्रभात’सारख्या संस्थेंत केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव हे संगीतकार नोकरींत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ती व्यवस्था मोडली व मुंबईंत चित्रपटागणिक ठराव करण्याची पद्धत आली. पगार गेला, त्याबरोबर पगारानें मिळणारी निश्चिंतीही गेली, परंतु संगीत मात्र पूर्वीप्रमाणें पैसे देणाऱ्याचेंच राहिलें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें संगीतकाराला हात दिला तोही अर्धाच. त्या कायद्याच्या लेखीं संगीतकृति म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारें रेखांकित केलेली स्वररचना. ज्या देशांत संगीतकार पेटी पुढें ओढून चाल गुणगुणतो आणि साहाय्यक ती टिपून घेतो, त्या देशांत लेखणी ज्याच्या हातीं नाहीं त्याची कृतीच कायद्याला दिसत नव्हती! ही व्याख्या १९९४ सालीं बदलली. चाल लिहिली असो वा नसो, जो ती रचतो तो संगीतकार, असें तेव्हां कायद्यानें मान्य केलें.

मधल्या काळांत १९७७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला, आणि तो वाङ्मय म्हणूनही वाचण्याजोगा आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९ सालीं स्थापन झालेली रचनाकारांची संस्था एका बाजूस व चित्रपटव्यावसायिकांचा संघ दुसऱ्या बाजूस होता. न्यायालयानें असें ठरविलें कीं, निर्मात्यानें मोबदला देऊन चित्रपटासाठीं संगीत करवून घेतलें असेल तर, उलट करार नसल्यास, त्या संगीताचा पहिला स्वामी निर्माताच. कायद्याचीं तेव्हांचीं कलमें पाहतां हा अर्थ अगदींच ओढाताणीचा नव्हता. आमचा आक्षेप ‘उलट करार नसल्यास’ या तीन शब्दांना आहे. संगीतकाराला हक्क राखून ठेवावयाचा असता तर तसा करार त्यानें करावयाचा होता, असा त्यांचा भावार्थ. परंतु पहिल्या चित्रपटासाठीं निर्मात्याच्या दारांत उभा असलेला तरुण उलट करार कशाच्या बळावर करणार? भाड्याचें घर रिकामें करावयास लागलेला माणूस आणि घरमालक हे ज्या अर्थानें समान असतात, त्याच अर्थानें हे दोघे करारांत समान होते. न्या. कृष्ण अय्यर यांनीं या निकालाला स्वतंत्र पुरवणी जोडून, आपल्या संगीतांत जो प्रत्यक्ष गातो त्याला कायदा ओळखतच नाहीं, याबद्दल खंत व्यक्त केली आणि संसदेकडे बोट दाखविलें. मुख्य निकालापेक्षां ती पुरवणीच आम्हांला अधिक भारतीय वाटते.

कलावंतांत तरी एकमत होतें काय? नव्हतें. १९६० नंतरच्या दशकांत लता मंगेशकर यांनीं गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला; महंमद रफी यांचें म्हणणें असें कीं, ठरलेली रक्कम घेतली म्हणजे गायकाचा हक्क संपला. दोघांत इतकें वितुष्ट आलें कीं कांहीं वर्षें त्यांनीं एकत्र गाणें सोडलें. रफींची भूमिका लोभी माणसाची नव्हती, हें कबूल केलेंच पाहिजे. दिल्या शब्दाला जागणाऱ्या, बिदागी घेऊन समाधानानें घरीं जाणाऱ्या जुन्या गुणीजनांची ती भूमिका होती. पण गाणें जर घरीं जात नसेल, तें जर रेडिओवर, तबकडीवर व पुढें आणखी कोठें कोठें रात्रंदिवस कमाई करीत असेल, तर त्या सोज्ज्वळ समाधानाचा फायदा तिसराच घेतो. निर्माते म्हणतात, चित्रपट पडला तर संगीतकार तोटा भरून देतो काय? हा युक्तिवाद आम्हांला एकेकाळीं बळकट वाटे. परंतु रॉयल्टी मिळते ती गाणें मिळवूं लागेल तेव्हांच. न चाललेल्या गाण्याची रॉयल्टी शून्य, म्हणजे त्या पडझडींत संगीतकाराचा वाटा आपोआपच बुडतो.

२०१२ सालीं कायदा बदलला. राज्यसभेंत जावेद अख्तर यांनीं या बदलाचा हिरिरीनें पुरस्कार केला. चित्रपटगृहांत चित्रपटाबरोबर होणारें प्रदर्शन वगळून गाण्याचा अन्य जो वापर होईल त्याच्या रॉयल्टींत गीतकार व संगीतकार यांचा वांटा समान राहील, आणि तो त्यांना लिहून देतां येणार नाहीं किंवा सोडतांही येणार नाहीं, असें त्यांत आहे. कायदा येथें दुबळ्याला त्याच्या स्वतःच्या सहीपासून वांचवितो. १९७७ च्या त्या तीन शब्दांना हें खरें उत्तर होय.

तथापि मोठ्या पडद्यावरील संगीतकाराचें कांहीं बरें झालें म्हणून प्रश्न सुटत नाहीं. आज घरच्या एका खोलींत संगणकावर सगळी वाद्यें जुळवून संगीत तयार करून देणारे तरुण प्रत्येक शहरांत आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनाचें नृत्य, लग्नांतलें खास गीत, माहितीपट, दुकानाची जाहिरात, अशीं कामें त्यांच्याकडे येतात, आणि त्यांच्याशीं होणारें बोलणें सर्वत्र एकाच सांच्याचें असतें. ‘घरचेंच कार्य आहे’. ‘यांतून तुमचें नांव होईल’. ‘या वेळीं सांभाळून घ्या, पुढच्या कामांत पाहूं’. मग अमुक गाण्यासारखें हवें पण तेंच नको, अशी मागणी येते. पहिला मसुदा ऐकून मालक, मालकांचे बंधु व मालकांचे व्याही निरनिराळे फेरफार सुचवितात. सहा वेळां काम बदलून झाल्यावर ठरलेली रक्कम हप्त्यांनीं येते, आणि शेवटचा हप्ता बहुधा येत नाहीं. पैशाचें आधीं बोलणें हें संगीतकाराला असभ्य वाटतें आणि मागाहून बोलणें मालकाला असभ्य वाटतें, असा हा सभ्यपणाचा खेळ आहे.

यांत न्याय्य काय तें ठरविणें आमच्या मतें फारसें कठीण नाहीं. श्रमाची किंमत आणि वापराची किंमत या दोन वेगळ्या किंमती आहेत, एवढें मानलें कीं पुष्कळ गुंता सुटतो. किती दिवस बसावें लागेल, किती वादक व गायक बोलवावे लागतील, स्टुडिओचें भाडें काय, फेरफार किती वेळां फुकट व त्यापुढें किती पैशांनीं, हा श्रमाचा हिशेब. त्यांतील अर्धी रक्कम आरंभींच घ्यावी, म्हणजे मालकाचा उत्साह खरा कीं तोंडदेखला हेंही कळतें. तें संगीत एका संध्याकाळीं एका सभागृहांत वाजणार कीं तीन वर्षें देशभर, हा वापराचा हिशेब. एकाच वीस सेकंदांच्या चालीला या दोन प्रसंगीं एकच भाव असणें म्हणजे विहीर आणि तांब्या एका किंमतीला विकण्यासारखें आहे. कायद्याची येथें एक मदत आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. कॉपीराइटचें हस्तांतरण लेखी व सहीनिशीं नसेल तर तें हस्तांतरणच नव्हे. लेखांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतें तें मर्यादित होतें. ज्यांना करारपत्र म्हणजे अविश्वासाचें चिन्ह वाटतें त्यांनीं लग्नाची याद आठवावी. तेथें विश्वास कमी असतो म्हणून कोणी ती करीत नाहीं.

हा केवळ पोटाचा प्रश्न नाहीं, आणि टीकाकार म्हणून आम्हांला त्यांत पडावेंसें वाटतें तें याच कारणानें. एकरकमी, कायमच्या, सर्व हक्कांसह विकत घेतलेल्या संगीतांत कर्ता आपली उत्तम चाल सहसा घालीत नाहीं. ती तो पेटींत ठेवतो, कधीं तरी स्वतःच्या नांवावर येईल म्हणून. मालकाला मिळते ती दुसऱ्या प्रतीची, पहिल्या श्रवणांत गोड लागणारी व तिसऱ्या श्रवणांत विसरावयास लावणारी. आजच्या मालिका व जाहिराती यांचें संगीत एकसारखें कां वाटतें, याचीं कारणें रसिक अभिरुचीच्या ऱ्हासांत शोधतात. त्यांतील एक कारण आम्हांला या करारपत्रांत दिसतें.

वादक व अरेंजर यांची गोष्ट याहून कठीण आहे. ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनीं मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हें पुस्तक २००८ सालीं प्रसिद्ध केलें. पडद्यामागच्या माणसांना त्यांच्या तोंडून बोलूं दिलें, हा त्याचा मोठा गुण. असें पुस्तक आपल्यापैकीं कोणी मराठींत आधीं लिहावयास हवें होतें. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन शिकून मुंबईस आलेल्या वादकांनीं या संगीताला त्याचा भरीव देह दिला. सबॅस्टियन डिसूझा यांनीं शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांचें वाद्यसंयोजन केलें. गाणीं घरोघर पोंचलीं, डिसूझांचें नांव जाणकारांपुरतेंच राहिलें. वादकाला रेकॉर्डिंगच्या पाळीचे पैसे मिळत. नंतरच्या कमाईशीं त्याचा संबंध नसे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच व्हायोलिनवादक, अरेंजर आणि प्यारेलाल यांचे गुरु. १९७७ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं तो निकाल लागला त्याच वर्षीं, ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांत शिष्यानें गुरूचें नांव एका गाण्यांत गुंफलें, आणि तें देशभर झालें. पण लोकांनीं तें एका विनोदी पात्राचें म्हणून ओळखलें. गोन्साल्विस २०१२ च्या जानेवारींत वारले. त्याच वर्षीं जूनमध्यें सुधारलेला कायदा अमलांत आला. त्यांत गीतकार आहे, संगीतकार आहे, गायक-वादकांच्या सादरीकरणाचाही हक्क मानला आहे. ‘अरेंजमेंट’ हा शब्द मात्र जुन्या कायद्याप्रमाणेंच मूळ कृतीच्या रूपांतराचा एक प्रकार म्हणून तेवढा येतो, आणि तें करणारा माणूस कोठेंच येत नाहीं.