उलीची छत्री

शाळेच्या पटांगणात, व्यायामाच्या उंच शिडीवर एक बुटका मुलगा चढलाय. हातात छत्री. खाली मुलांचा घोळका माना वर करून बघतोय. मुलगा उडी मारतो. छत्री उलटी होते आणि त्याचा पाय मोडतो.

हा उली. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाच्या ‘द फ्लाइंग क्लासरूम’ या कादंबरीतला. वसतिगृहाची शाळा, नाताळ तोंडावर आलेला, आणि एका नाटकाची तालीम करणारे पाच मित्र. अँथिया बेल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद सुट्टीच्या दोन दुपारींत वाचून होतो.

उली भित्रा आहे आणि आपण भित्रे आहोत याची त्याला लाज वाटते. सगळ्यांवर छाप पडेल असं काहीतरी कर, असं त्याचा दांडगा मित्र मॅथियासच त्याला सुचवून बसतो. म्हणून ही उडी. नंतर मुलांचे लाडके मास्तर म्हणतात, की आपल्याला कुणी मोजत नाही या धास्तीत जन्म काढण्यापेक्षा पाय मोडलेला बरा. लहानपणी मला हे वाक्य फार आवडलं असतं. आज पटत नाही. रील्ससाठी कड्याच्या टोकावर उभी राहणारी मुलं बघितली, की वाटतं, लोकांनी मोजावं म्हणून पाय मोडावा लागत असेल तर चूक मोजणाऱ्यांची आहे.

गंमत म्हणजे, हे उत्तर कादंबरीतच आहे. उडीच्या आधी वर्गातली मुलं उलीला कचऱ्याच्या टोपलीत बसवून टोपली वर टांगतात. क्रॉइत्सकाम नावाचे करडे शिक्षक येतात, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता शिकवत राहतात, आणि शेवटी सगळ्या वर्गाला एक वाक्य लिहून आणायला सांगतात. त्याचा आशय असा, की वाईट गोष्टीचा दोष करणाऱ्याचा असतोच, पण ती न अडवणाऱ्याचाही असतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखाद्याचा फोटो फिरत असताना नुसतं हसण्याचं इमोजी टाकून पुढे गेलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाने थांबावं अशी ही जागा आहे. मीही थांबले.

उलीच्या उडीनंतर सेबास्टियन बोलतो. हा वर्गातला हुशार, तिरकस मुलगा. तो सांगतो, की मीसुद्धा घाबरतो, फक्त दाखवत नाही. मला ही कबुली उडीपेक्षा मोठी वाटते. आणि मार्टिन? वर्गात पहिला येणारा, गरीब घरचा. वडिलांना काम नाही, नाताळला घरी जायला तिकिटाचे आठ मार्क नाहीत. तो कुणालाच सांगत नाही, रडूही देत नाही स्वतःला. मास्तर त्याला गाठून विचारतात तेव्हा पैसे नाहीत एवढंच कसंबसं बोलतो. त्या एका वाक्याला किती धैर्य लागतं, हे फी भरायची राहिली म्हणून वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा.

पुस्तकात मुली जवळजवळ नाहीतच, हे खटकतं. तरीही मी ते सोडू शकत नाही, त्याचं कारण त्याच्या सालात आहे. १० मे १९३३ ला बर्लिनच्या चौकात नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली. त्यात केस्टनरचीही होती, आणि तो गर्दीत उभा राहून बघत होता. आपण ओरडलो नाही, मूठ आवळली तीही खिशातल्या खिशात, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. ही कादंबरी त्याच वर्षीची. तिच्यात दुसऱ्या शाळेची मुलं क्रॉइत्सकाम सरांच्या मुलाला पकडून नेतात आणि त्याच्याजवळच्या शुद्धलेखनाच्या वह्या जाळतात. राख उरते. ती वाचताना तो चौक डोळ्यांपुढे येतोच.

म्हणजे न अडवणाराही दोषी, हे वाक्य ज्याने लिहिलं तो स्वतः अडवू शकला नव्हता. त्यामुळे मला ते वाक्य खोटं वाटत नाही. उलट ते उपदेशासारखं ऐकू येत नाही. सेबास्टियनसारखा तोही कबुली देतोय.

पुस्तक मिटताना उलीची छत्री विसरायला होते. टोपली मात्र डोक्यावर लटकत राहते, आणि खाली आपण उभे असतो.