रॅपमधील स्त्रीस्वर : प्रत्युत्तर आणि साक्ष

अन्यायाविरुद्ध उच्चारलेला शब्द काव्यपदवीस केव्हा पोचतो, हा मराठी समीक्षेच्या परिचयाचा प्रश्न रॅपने नव्याने उपस्थित केला आहे. तालाच्या आघातांवर यमकबद्ध बोल म्हणण्याची ही रीत 1970 नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील दरिद्री वस्त्यांत वाढली. आत्मप्रौढी हा तिचा एक प्रमुख संकेत. भारतातील लोकप्रिय रॅपमध्ये या संकेताला पौरुषाच्या दर्पाची जोड मिळाली आणि स्त्री बहुधा त्या दर्पाचा विषय तेवढी उरली.

डिसेंबर 2012 मधील सामूहिक बलात्काराने दिल्ली हादरली असता, गुडगाव येथील हनी सिंग यांचा वर्षअखेरचा कार्यक्रम लोकक्षोभामुळे रद्द झाला. ज्या गीतावर मुख्य आक्षेप होता, त्याचे कर्तृत्व त्यांनी नाकारले. परंतु कार्यक्रम रद्द होणे हे वाङ्मयीन उत्तर नव्हे. ते उत्तर 2015 मध्ये गाजलेल्या, दिल्लीच्या रेने शरण्या वर्मा यांच्या ‘ओपन लेटर टू हनी सिंग’ या इंग्रजी रचनेने दिले. रॅपची झडती घेण्यासाठी त्यांनी रॅपचाच घाट पत्करला. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे विरोधलय आहे. दर्पोक्तीसाठी रुळलेला ताल दर्पावरच उलटतो. मात्र या रचनेची मर्यादाही तेथेच आहे. प्रत्युत्तर ज्याला द्यावयाचे त्याच्याशी ते बांधलेले राहते. प्रतिपक्ष विस्मृतीत गेला की त्याची धारही बोथट होते.

त्याच वर्षी चेन्नईच्या सोफिया अश्रफ यांनी ‘कोडाईकनाल वोन्ट’ या रॅपमध्ये निकी मिनाज यांच्या गाजलेल्या गीताची चाल घेतली, आशय मात्र स्वदेशातला : 2001 मध्ये बंद झालेल्या थर्मामीटर कारखान्यातील पारा आणि त्याची झळ सोसणारे कामगार. मार्च 2016 मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने 591 माजी कामगारांशी तडजोड केली. या फलश्रुतीवरून गीताचे मोल ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. कामगारांचा लढा दीड दशकाचा होता. आणि परिणाम ही काव्याची कसोटी नव्हे. गीताचे बळ त्याच्या निश्चितपणात आहे. ते ‘अन्याय’ या अमूर्त शब्दाशी थांबत नाही. स्थळ, द्रव्य आणि देह यांची नावे घेते. येथे प्रत्युत्तराची साक्ष होते.

तथापि ही साक्ष दुसऱ्यांच्या वतीने दिलेली आहे. महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे ‘माही जी’ या नावाने रॅप करतात, तेव्हा साक्षीदार बदलतो. जंगलाशी असलेले आदिवासींचे नाते त्या आतून सांगतात. जात्यावरच्या ओवीत गाणारी स्त्री सहसा अनाम राहते. जनाबाईची नाममुद्रा विनम्रपणे अभंगाच्या अखेरीस येते. रॅपकर्तीला मात्र आपले नाव ठामपणे उच्चारण्याची मुभा या प्रकाराच्या संकेतानेच दिली आहे. त्या ‘मी’मध्ये ‘आम्ही’ सामावला की आत्मप्रौढीचे रूपांतर आत्मप्रत्ययात होते.

धोका एकच संभवतो. प्रश्नामागून प्रश्न हाती घेणाऱ्या कवितेचे विषयपत्रिकेत रूपांतर होण्यास वेळ लागत नाही, आणि श्रोत्यांच्या टाळ्या तो ऱ्हास झाकून ठेवतात. म्हणून या रचनांना सहानुभूतीची सवलत देणे हा त्यांचा सन्मान नव्हे. कवितेला लावावयाची कसोटीच त्यांना लावली पाहिजे. ती सोसण्याचे सामर्थ्य त्यांतील उत्तम रचनांत निश्चित आहे.