संयुक्त पदवीचा सांधा

विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत अलीकडे ‘संयुक्त पदवी’ हा शब्द फार दिसू लागला आहे. शेजारी शेजारी दोन विद्यापीठांची बोधचिन्हे, मध्ये पृथ्वीचा गोल आणि खाली हसणारी चार तरुण मंडळी. आपल्यापैकी अनेकांच्या पुण्या-नागपूरच्या भाच्या-पुतण्यांच्या घरी ही पत्रके पोचली आहेत, आणि “काका, हे घ्यावं का?” असे फोन इकडे येत असतात. त्याच पत्रकांची दुसरी आवृत्ती देणगीच्या विनंतीसह आपल्या टपालातही येते. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी पत्रके बाजूला ठेवली आणि मूळ कागद वाचायला घेतले. एक, युरोपियन युनियनच्या ‘इरास्मस मुंडुस’ योजनेची २०२१ ते २०२७ या काळासाठीची मार्गदर्शिका. दुसरा, भारताच्या विद्यापीठ अनुदान आयोगाची मे २०२२ची नियमावली. दोन्ही कागद रसिकाने उशाशी घ्यावेत असे नाहीत. पण माझा धंदाच मुळी स्पेसिफिकेशन वाचण्याचा, आणि स्पेसिफिकेशनमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे ते आधी पाहावे, अशी त्या धंद्याने लावलेली सवय.

दोन कंपन्या एक होतात तेव्हा त्यांच्या पगारपत्रकांच्या संगणक प्रणाली जोडण्याचे काम ज्यांनी केले असेल, त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. दोन्ही प्रणाली आपापल्या घरी झकास चालत असतात. पैसा, वेळ आणि झोप जाते ती मधल्या सांध्यात. संयुक्त पदवीचेही तसेच आहे. दोन्ही विद्यापीठे चांगली असतात, प्राध्यापक विद्वान असतात, मुले हुशार असतात. अडते ते सांध्यापाशी.

हा सांधा म्हणजे नक्की काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण पत्रकांत ते कधीच नसते. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटला विद्यार्थ्याचे पंचवीस ते तीस तासांचे काम. भारतात नव्या आराखड्याप्रमाणे सत्राला साधारण २०, म्हणजे वर्षाला ४०. अमेरिकेत पदवीचे वर्ष साधारण ३० क्रेडिटचे. म्हणजे विद्यार्थी तोच, वर्ष तेच, आणि माप तीन. गुणांची तऱ्हा त्याहून न्यारी. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास. फ्रान्समध्ये वीसपैकी दहाला पास. इटलीत तीसपैकी अठराला. आपल्याकडे दहापैकी सरासरी. जर्मनीतून १.३ घेऊन आलेली मुलगी वर्गात चमकलेली असते, पण घरच्या परीक्षा विभागातल्या कारकुनाच्या हातात तोच कागद पडला की तिची दांडी उडालेली असते. त्यात कारकुनाचा दोष नाही. त्याला तक्ता कोणी करून दिलेला नसतो.

वेळापत्रक घ्या. जर्मनीतले हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि परीक्षा फेब्रुवारीत. अमेरिकेत ऑगस्टात सुरू होऊन नाताळापूर्वी आटोपते. ऑस्ट्रेलियात वर्षच फेब्रुवारी-मार्चमध्ये उजाडते. एका ठिकाणची फेरपरीक्षा दुसऱ्या ठिकाणच्या पहिल्या आठवड्यावर येते. मग राहायच्या जागेचा करार, विमा, व्हिसा, प्रबंधाचे परीक्षक कोण, नक्कल पकडली तर कोणाचा नियम लावायचा, आणि शेवटी प्रमाणपत्रावर सह्या किती व कोणत्या भाषेत. यातले एकही काम अवघड नाही. पण प्रत्येक काम कोणा ना कोणा माणसाने वर्षानुवर्षे करावे लागते, आणि त्या माणसाला पगार लागतो.

आता इरास्मस मुंडुसकडे वळतो. २००४ साली ही योजना सुरू झाली. निरनिराळ्या तीन देशांतील किमान तीन संस्थांनी एकत्र येऊन पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवायचा, आणि विद्यार्थ्याने किमान दोन देशांत शिकायचे, अशी तिची चौकट. भारतीय विद्यार्थी तिच्या शिष्यवृत्त्यांच्या यादीत सातत्याने वरच्या क्रमांकांत असतात. २०२१ नंतरच्या आवृत्तीत शिष्यवृत्ती महिना १,४०० युरोची. दोन वर्षांचे ३३,६०० युरो होतात. यातच प्रवास, व्हिसा, घर लावणे आणि रोजची पोळीभाजी. शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याकडून वेगळे शुल्क घ्यायचे नाही. ही मुलांच्या खिशातली बाजू झाली, आणि पत्रकांत तीच असते.

मला जास्त आवडला तो मार्गदर्शिकेतला दुसरा, कंटाळवाणा आकडा. प्रत्येक विद्यार्थ्यामागे महिना ७५० युरो संस्थांना मिळतात, म्हणजे दोन वर्षांचे १८,००० युरो. शिकवणे, विमा, समन्वय, कार्यालय हे सारे त्यातून. शिवाय अभ्यासक्रम सुरू होण्याच्या आधी नुसती आखणी करायला २०२१मध्ये ५५,००० युरोंचे वेगळे अनुदान ठेवले होते, पंधरा महिन्यांसाठी. म्हणजे सांध्याला खर्च येतो हे ज्यांनी कागदावर कबूल केले, अशा थोड्या योजनांपैकी ही एक. याबद्दल ब्रसेल्सच्या बाबू लोकांना दाद दिली पाहिजे.

पण दाद देऊन थांबता येत नाही. हा पैसा सहा शैक्षणिक वर्षांच्या कराराने येतो. पुढे पुन्हा अर्ज, पुन्हा स्पर्धा. मध्यंतरी तुम्ही स्वतःच्या पायावर उभे राहण्याची व्यवस्था करावी, अशी अपेक्षा. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. परंतु चार तुकड्या बाहेर पडेपर्यंत कुठे तीन देशांच्या परीक्षा विभागांना एकमेकांचे फोन नंबर पाठ झालेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्या समन्वयिकेला आपली नोकरी पुढच्या वर्षी आहे की नाही ते ठाऊक नसते. शिष्यवृत्ती संपली की बुडतो एका विद्यार्थ्याचा प्रवेश. समन्वयिका गेली की सगळ्यांचाच.

दुसरे असे की पैशाने कायदा बदलत नाही. दर देश आपापल्या पदव्यांना आपापली मान्यता देतो. एकाच अभ्यासक्रमाची तीन देशांत तीनदा तपासणी व्हायची. २०१५ साली येरेवान येथे शिक्षणमंत्र्यांनी संयुक्त अभ्यासक्रमांसाठी एकच तपासणीपद्धत मंजूर केली, आणि तरीही अनेक देशांच्या कायद्यांत ती पुरती उतरली नाही. मार्च २०२४मध्ये युरोपियन कमिशनने ‘युरोपियन पदवी’चा आराखडा मांडला तेव्हा तीच अडचण पुन्हा पहिल्या पानांवर होती. शिष्यवृत्त्या वाटायला लागून वीस वर्षे झाली होती.

आता आपला कागद. २०२२च्या नियमावलीने संयुक्त पदवी, दुहेरी पदवी आणि ट्विनिंग अशा तीन वाटा मोकळ्या केल्या. नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान असलेल्या भारतीय विद्यापीठाला, जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या हजारांतील परदेशी विद्यापीठाशी दर वेळी आयोगाची परवानगी न मागता करार करता येतो. संयुक्त पदवीसाठी प्रत्येक संस्थेत किमान तीस टक्के क्रेडिट मिळवायचे. नुसते नाव भाड्याने देण्याला बंदी. आणि सर्वांत चांगले म्हणजे, या नियमांखाली मिळालेल्या पदवीला पुन्हा समकक्षतेचा दाखला आणायला नको. ज्यांनी परदेशी पदवीची समकक्षता मिळवायला दिल्लीच्या खेपा घातल्या आहेत, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

पण स्पेसिफिकेशन म्हणून हा कागद वाचला की लक्षात येते, हा सगळा दाराचा विचार आहे. आत कोणी यायचे, कोणाशी बोलायचे, किती टक्के कुठे बसायचे. घर कोण चालवणार आणि चूल कशावर पेटणार, यासाठी अनुदानाची एकही तरतूद नाही. तीस टक्क्यांच्या नियमाने विद्यार्थी कुठे बसला ते कळते. दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून अभ्यासक्रम आखला का, ते कळत नाही. अनुदान नाही म्हटल्यावर सांध्याचा खर्च शेवटी विद्यार्थ्याच्या शुल्कातून निघणार, म्हणजे बापाच्या कर्जातून. किंवा निघणारच नाही, आणि कोणी तरी तरुण प्राध्यापक रात्री घरी बसून फुकट करणार.

या बाबतीत जुने उदाहरण नव्यांपेक्षा सरस आहे. कानपूरची आय.आय.टी. उभी राहत असताना १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे अमेरिकेतील नऊ विद्यापीठांनी तिला साहाय्य केले. एम.आय.टी., बर्कले, कॅलटेक, प्रिन्स्टन, मिशिगन, पर्ड्यू वगैरे. पैसा अमेरिकन सरकारच्या यूएसएड संस्थेचा (ती संस्थाही २०२५मध्ये मोडीत निघाली). पदवी संयुक्त नव्हती. कानपूरचीच होती. पण सांधा पाहा. नऊ विद्यापीठांचा समन्वय ठेवायला मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतंत्र संस्था नेमलेली होती. अमेरिकन प्राध्यापक कानपुरात येऊन राहत, भाषण ठोकून परत जात नसत. भारतीय प्राध्यापक आणि तंत्रज्ञ तिकडे जाऊन शिकत. १९६३ साली आय.बी.एम. १६२० हा संगणक आला, तर त्याच्याबरोबर तो शिकवणारी माणसेही आली. आणि संस्थेचे पहिले संचालक होते डॉ. पु. का. केळकर, मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.मधून आणि पवईच्या आखणीतून आलेले. कानपूरचे ग्रंथालय आज त्यांच्या नावाने आहे. दहा वर्षांनी कार्यक्रम संपला, कारण संस्था आपल्या बळावर चालू लागली होती.

शीतयुद्धाचा पैसा होता तो, असे कोणी म्हणेल. होताच. तिथली मुले पुष्कळशी अमेरिकेला गेली, असेही म्हणेल. गेली. त्या मुदलाचे व्याज अमेरिकेने व्यवस्थित वसूल केले, आणि हा अंक वाचणाऱ्यांपैकी काही जण त्या व्याजातच मोडतात. तरी पैसा कशावर घातला होता, हा मुद्दा राहतोच. तो माणसांच्या वेळेवर घातला होता, आणि एका झटक्यात न देता दहा वर्षे दिला होता.

पवईलाच २००८ साली आय.आय.टी. मुंबई आणि ऑस्ट्रेलियाचे मोनॅश विद्यापीठ यांनी मिळून संशोधन अकादमी काढली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक आणि पदवीवर दोघांची नावे. तिची मला पटलेली गोष्ट अशी की अकादमीला स्वतःचे कार्यालय आणि स्वतःचे कर्मचारी आहेत. सांध्याला हक्काचे घर आहे.

उलट नुसता भरपूर पैसा असून भागत नाही, हे सिंगापूरने दाखवले. येल-एनयूएस महाविद्यालय २०११ साली स्थापन झाले आणि २०१३ साली पहिली तुकडी आली. नावात येल होते, पदवी मात्र एनयूएसची. तिथे एका विद्यार्थ्यामागचा खर्च इतर विभागांतल्या विद्यार्थ्याच्या दुपटीहून अधिक होता आणि देणग्यांचे उद्दिष्टही गाठले गेले नव्हते, असे तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले. ऑगस्ट २०२१मध्ये एनयूएसने ते बंद करायचे जाहीर केले आणि २०२५मध्ये शेवटची तुकडी बाहेर पडली. चालू राहिले असते तर आवडले असते, असे येलचे म्हणणे. पण करारातच २०२५ला कोणाही एकाला बाहेर पडायची मुभा होती. लग्न करताना काडीमोडाची तारीखही ठरवून ठेवावी, तसे झाले.

घरच्या अनुभवाचे थोडे सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाने इकडच्या एका विद्यापीठाशी करार करून जोड-अभ्यासक्रम काढला, तेव्हा प्रकल्पांचा बाहेरचा मार्गदर्शक म्हणून मी तीन वर्षे काम केले. सगळा डोलारा एका सहायक प्राध्यापकावर उभा होता. आठवड्याला सोळा तास शिकवणे, नॅकच्या फायली, आणि वर हे. आमची बैठक तिकडच्या रात्री साडेनऊला. नोव्हेंबरात इकडची घड्याळे मागे गेली की त्याची साडेदहाला. त्याने क्रेडिटचा तक्ता स्वतः बनवला होता, आणि तो फक्त त्याच्या संगणकावर होता. दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली, तो गेला. जायलाच हवा होता. त्यानंतर दोन मुलांचे गुण एक अख्खे सत्र अधांतरी लटकले, आणि पुढच्या वर्षी प्रवेशच झाले नाहीत. फलक अजून प्रवेशद्वारावर आहे, दोन्ही बोधचिन्हांसह.

भाच्यांचे फोन येतात तेव्हा मी आता क्रमवारीबद्दल काही बोलत नाही. एवढेच सांगतो की समन्वयकाचे नाव विचार. त्याला या कामासाठी आठवड्याचे किती तास दिले आहेत ते विचार. आणि मागच्या तुकडीतल्या, परदेशी सत्र करून परत आलेल्या एखाद्या मुलीला, तुझे गुण किती महिन्यांनी गुणपत्रिकेत चढले, असे विचार. पहिल्याच प्रश्नाला “ऑफिसमध्ये विचारा” असे उत्तर आले तर पुढचे दोन विचारायची गरज नाही.

त्याच महाविद्यालयाचे देणगीचे पत्र या वर्षी पुन्हा आले. ‘एक विद्यार्थी, एक सत्र’ अशी योजना आहे. मी आणि माझ्या वर्गातल्या चौघांनी उलट कळवले की आम्ही पाच वर्षे समन्वयकाचा अर्धा पगार देतो, तुम्ही त्याचे शिकवण्याचे तास निम्मे करा. विश्वस्तांकडून सौजन्यपूर्ण उत्तर आले. देणगीदाराचे नाव खोलीला किंवा शिष्यवृत्तीला देता येते, पगाराला देण्याची पद्धत नाही. आम्ही लिहिले की नावाची पाटी नको, फक्त तो तक्ता महाविद्यालयाच्या संगणकावर ठेवा. त्या पत्राचे उत्तर अजून यायचे आहे.