आभासी विमानांवरचे खरे रंग

पी-५१डी मस्टँग या लढाऊ विमानाची चंदेरी स्किन करण्याचा मोह फ्लाइट सिम्युलेटरच्या फार थोड्या चित्रकारांना आवरतो. आरशासारखं चकाकणारं ॲल्युमिनियम, पंखावर ओळीने मांडलेले रिव्हेट, पत्र्यांमधल्या रेखीव फटी, प्रत्येक पत्र्याची थोडी वेगळी झळाळी. पडद्यावर हे फार देखणं दिसतं, पण मस्टँगचा पंख असा नव्हता. त्याचा आकार हवेचा प्रवाह शक्य तितका गुळगुळीत राहावा म्हणून खास बेतलेला होता. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले रिव्हेट आणि सांधे लांबी भरून बुजवले जात, घासून सपाट केले जात आणि वरून चंदेरी रंगाचा हात दिला जाई. धड उघड्या धातूचं, पंख रंगवलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या चांगल्या छायाचित्रांत हा फरक स्पष्ट कळतो: धड चमकतं, पंख मंद आणि एकसारखा दिसतो.

ऐतिहासिक युद्धविमानं सिम्युलेटरसाठी रंगवण्याची कला आज नेमकी इथे उभी आहे. हात तयार आहे, साधनं उत्तम आहेत. पण रिव्हेट कोरण्यात जेवढी मेहनत होते, तेवढी तो रिव्हेट तिथे दिसत होता का हे तपासण्यात होत नाही.

या कलेने मजल मोठी मारली आहे, हे आधी मान्य करायला हवं. स्किन म्हणजे विमानाच्या त्रिमितीय साच्यावर चढवलेलं सपाट चित्र. शिंपी अंगरख्याचं कापड बेततो तसा विमानाचा पृष्ठभाग उलगडून एका चौकोनात मांडलेला असतो: इथे डावा पंख, तिथे शेपटी, कोपऱ्यात चाकांची झाकणं. २००१ साली आलेल्या ‘इल-२ स्टुर्मोविक’मध्ये हा चौकोन १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचा होता आणि रंग जेमतेम २५६. आज ‘डीसीएस वर्ल्ड’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये ४०९६ बाय ४०९६ ची चित्रं सर्रास वापरात आहेत, म्हणजे ठिपके सोळापट, शिवाय एकेका विमानाला अशी अनेक चित्रं. जुन्या काही साच्यांत जागा वाचवण्यासाठी डाव्या-उजव्या बाजूला एकच चित्र लावत. मग एका बाजूची अक्षरं उलटी उमटत, आणि ब्रिटिश विमानांची दोन्ही पंखांवर वेगवेगळी पसरणारी छद्मरंगसंगती करताच येत नसे. त्या अडचणीत काम केलेल्यांनी जे साधलं, त्याचं कौतुक वाटतं.

ठिपक्यांपेक्षा मोठा बदल प्रकाशात झाला. पूर्वी चित्रकार सावल्या आणि चमक रंगातच रंगवून टाकत. पंखाखालचा काळोखही हातानेच काढत. आता प्रकाश सिम्युलेटर स्वतः पाडतं. चित्रकाराने पृष्ठभाग कशाचा आहे एवढं सांगायचं. त्यासाठी मूळ रंगाच्या चित्राबरोबर आणखी एक चित्र द्यावं लागतं. त्याच्या लाल वाहिनीत खाचाखोचांतल्या सावलीची, हिरवीत खडबडीतपणाची आणि निळीत धातुपणाची माहिती असते. मस्टँगचा पंख चुकतो तो इथे. उघड्या ॲल्युमिनियमला धातुपणा पूर्ण आणि खडबडीतपणा कमी. चंदेरी रंगाच्या थराला धातुपणा कमी आणि खडबडीतपणा जास्त. दोन आकडे बदलले की पंख धडापासून वेगळा दिसू लागतो. त्यासाठी नवं काही शिकावं लागत नाही, फक्त कारखान्यात काय होत होतं ते ठाऊक असावं लागतं.

चंदेरीच्या चुका दुरुस्त होतात. रंगाचा वाद मात्र सहजी मिटत नाही, कारण पुरावा मुख्यतः कृष्णधवल आहे आणि तोही फसवा. त्या काळी वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल आणि पिवळा रंग गडद, तर निळा फिका दाखवते. ब्रिटिश वर्तुळचिन्हाभोवतीचं पिवळं कडं अशा छायाचित्रात जवळजवळ काळं येतं, आणि न जाणणारा चित्रकार ते तसंच काळपट रंगवून मोकळा होतो. जपानी लढाऊ विमान झीरोचं उदाहरण याहून बोलकं आहे. पर्ल हार्बरवर आलेली झीरो विमानं कित्येक वर्षं पांढरट राखाडी रंगवली गेली. पुढे संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत जपलेले पत्र्याचे तुकडे अभ्यासकांनी तपासले, तेव्हा तो राखाडी हिरवट-पिवळसर छटेकडे झुकणारा निघाला. त्यातली मूळ छटा किती आणि वर्षानुवर्षांत रंग पिवळा पडल्याचा परिणाम किती, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. अशा ठिकाणी चित्रकाराने एक बाजू घ्यायलाच हवी, पण घेतली हे सांगायलाही हवं.

झिजेबद्दल हेच म्हणता येईल. अलीकडच्या स्किनांत विमानं फार थकलेली दिसतात: जागोजागी उडालेला रंग, तेलाचे ओघळ, धुराने काळवंडलेली बाजू. लढाऊ विमानाचं आयुष्य बरेचदा काही महिन्यांचंच असे, तेवढ्यात इतकं म्हातारपण येत नाही. रंग सोलपटून गेलेली विमानं होती, पण ती ठरावीक होती. नाकाजिमाच्या कारखान्यातली जपानी लष्कराची विमानं अस्तराचा थर न देता रंगवली जात, म्हणून त्यांचा रंग पापुद्र्यांनी सुटे. मित्सुबिशीने बांधलेली सुरुवातीची झीरो विमानं मात्र नीट रंगवलेली होती. दोघांनाही एकाच ब्रशने ओरबाडणं म्हणजे दोन कारखान्यांचा इतिहास पुसून टाकणं. याउलट अमेरिकी कोर्सेअर विमानाच्या नाकावर, पायलटच्या काचेपुढे, इंधनाच्या टाकीवरच्या पत्र्यांच्या सांध्यांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावलेल्या असत, गळणारं इंधन काचेवर येऊ नये म्हणून. अशी एक पट्टी नेमक्या जागी दिसली, की विमानावर माणसांचा हात फिरला आहे हे पटतं. शंभर ओरखड्यांनी ते पटत नाही.

दुसरं टोकही तितकंच खोटं आहे. आज हवाई प्रदर्शनांत उडणारी विमानं मालकांनी जिवापाड जपलेली असतात, आणि त्यांच्यावरचा जाड, चकचकीत रंग टिकण्यासाठी दिलेला असतो. बऱ्याच स्किन त्यांच्याच छायाचित्रांवरून होतात, कारण रंगीत आणि स्पष्ट छायाचित्रं तीच मिळतात. प्रदर्शनातलं विमान म्हणून ती स्किन अगदी बरोबर असते. मात्र तिच्यावर १९४४ ही तारीख लिहिली, की ती चूक ठरते.

तारखेला या कलेत विलक्षण महत्त्व आहे. १९४४ मधल्या नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्तराष्ट्रांच्या विमानांवर पंखांभोवती आणि धडाभोवती तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे काढले गेले. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येकी १८ इंचांचे, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंचांचे. आपल्याच तोफखान्याने आपलं विमान पाडू नये, हा हेतू. गुप्ततेसाठी आदेश अगदी शेवटच्या क्षणी निघाला आणि जमिनीवरच्या माणसांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळेल त्या ब्रशने ते उरकले. कडा वेड्यावाकड्या, पांढरा कुठे पातळ, काळ्याचा हात मध्येच पांढऱ्यावर गेलेला. पुढच्या काही महिन्यांत वरच्या बाजूचे पट्टे पुसले गेले, खालचे राहिले. म्हणजे तेच विमान मे, जून आणि सप्टेंबरमध्ये तीन प्रकारे दिसलं असणार. सिम्युलेटरमधले बहुतेक पट्टे पट्टीने आखलेले आणि सहा जूनलाच थांबलेले असतात. हातानं रंगवलेला, किंचित थरथरता पट्टा काढणारा चित्रकार या कलेतला खरा जाणकार.

मुंबईचं नाव लावणारी एक स्क्वाड्रनही या चढाईत होती. रॉयल एअर फोर्सची १३२ क्रमांकाची स्क्वाड्रन ‘सिटी ऑफ बॉम्बे’ म्हणून ओळखली जाई. १९४४ च्या उन्हाळ्यात ती स्पिटफायर मार्क नऊ घेऊन नॉर्मंडीवर लढली आणि वर्षअखेरीस आशियाकडे रवाना झाली. तिच्या विमानांच्या धडावर ‘एफएफ’ ही अक्षरं असत. डीसीएसमध्ये स्पिटफायर मार्क नऊही आहे आणि नॉर्मंडीचा नकाशाही. तेव्हा ही स्किन करणाऱ्याने सुरुवात लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या स्क्वाड्रनच्या दैनिक नोंदींपासून करावी. कोणत्या दिवशी कोणता पायलट कोणत्या क्रमांकाच्या विमानात बसला हे तिथे सापडतं. विमानाचं स्वतःचं अक्षर मात्र बहुतेकदा तिथे नसतं, ते छायाचित्रातून किंवा पायलटच्या लॉगबुकातून शोधावं लागतं. मग रंग: वर गडद हिरवा आणि ओशन ग्रे, खाली मीडियम सी ग्रे, शेपटीआधी फिकट ‘स्काय’ रंगाचा १८ इंचांचा पट्टा, पंखांच्या पुढच्या कडेला पिवळा. ही रंगसंगती १९४१ च्या ऑगस्टपासूनची. त्याआधीच्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधल्या विमानांवर राखाडीऐवजी मातकट तपकिरी होता. मार्क नऊ १९४२ मध्ये आलं, म्हणून त्याच्यावर १९४० ची रंगसंगती कितीही सुंदर चढवली तरी ते विमान कधीच नव्हतं.

साचा एकाचा आणि रंग दुसऱ्याचा, ही चूक भारतीय विषयांत सर्वांत जास्त सोसावी लागते. डीसीएसमधलं मिग-२१ ‘बिस’ प्रकारचं आहे. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेल्या मिगांमध्ये हा प्रकार होता, पण भारतीय वायुदलात तो १९७१ च्या युद्धानंतर आला. त्या युद्धात लढलेलं मिग एफएल प्रकारचं. त्यातल्या अनेक चंदेरी विमानांवर तळातळांवर वेगवेगळे हिरवे-तपकिरी रंग चढवले गेले होते. ती रंगसंगती बिसच्या साच्यावर पाहताना आनंद होतो, पण ती तडजोड आहे, आणि तसं लिहिलेलं असावं.

ब्रह्मदेशाची आघाडी तर रंगांची खाण आहे. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून १९४३ मध्ये तिथल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हातून लाल रंग काढून टाकला गेला. राहिला गडद निळा आणि त्यात फिकट निळा. १५२ क्रमांकाच्या ‘हैदराबाद’ स्क्वाड्रनने आपल्या स्पिटफायर मार्क आठवर याच वर्तुळातून झेप घेणारा काळा बिबट्या रंगवला. इम्फाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली इंडियन एअर फोर्सची पहिली स्क्वाड्रन हरिकेन उडवत होती. पुढे १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत टेंपेस्ट आणि स्पिटफायर उडाली. मुंबईत जन्मलेले आणि पुढे वायुदलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर यांना याच लढाईसाठी महावीरचक्र मिळालं. त्या काही वर्षांत चिन्हंही बदलत गेली: निळं वर्तुळ, मग काही काळ अशोकचक्र, आणि प्रजासत्ताकाबरोबर केशरी-पांढरा-हिरवा. कोणत्या महिन्यात कोणतं, याचा शोध घेणाऱ्यासाठी इथे वर्षानुवर्षांचं काम पडून आहे. आणि सिम्युलेटरमध्ये मात्र युरोपातल्या विमानांचीच रेलचेल.

जर्मन आणि फिनिश विमानांच्या स्वस्तिकाचा प्रश्न सिम्युलेटर बनवणाऱ्यांनी बहुधा ते गाळून सोडवला आहे, कारण जर्मनीत त्यावर कायद्याची बंधनं आहेत. शेपटी रिकामी ठेवावी आणि ती रिकामी का आहे हे लिहावं. त्या जागी काढलेली काल्पनिक खूण अधिक दिशाभूल करते.

उत्तम स्किनबरोबर चार ओळींची नोंद असावी: कोणतं विमान, कोणता महिना, कोणत्या छायाचित्रावरून, आणि कोणता भाग अंदाजाने. काही चित्रकार हे आजही निष्ठेने करतात, आणि त्यांचीच कामं दहा वर्षांनीही उपयोगी पडतात. भारतीय विमानांच्या बाबतीत या नोंदीतली छायाचित्राची जागा अजून बरीचशी मोकळी आहे. पुण्यात, नाशकात, मुंबईत वायुदलातून निवृत्त झालेल्यांची पुष्कळ घरं आहेत. त्यांच्या अल्बममध्ये विमानाशेजारी उभे असलेले वडील किंवा आजोबा असतील, तर तो फोटो शेपटीवरच्या क्रमांकासकट स्कॅन करावा, मागे काही लिहिलं असेल तर तेही, आणि तारीख व तळाचं नाव घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून घ्यावं.